दारातली जागा

गाण्याला बसलेल्या माणसानं पाय हलवू नयेत, असा आमच्या अमरावतीतल्या रसिक मंडळींचा दंडक होता. माझे पाय जन्मापासून हलत आलेले. मांडी घालून बसलो की पाच मिनिटांत गुडघा नाचायला लागायचा, आणि तोही तालात नाही. शेजारचा माणूस आधी गुडघ्याकडं बघायचा, मग माझ्या तोंडाकडं, मग जरा सरकून बसायचा. त्यामुळं मला दर बैठकीत ऐसपैस जागा मिळत असे.

तरी मी एक बैठक चुकवत नसे. मी कचेरीत कारकून होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. आम्ही इथं कागद लिहायचे, ते नागपूरला जायचे, तिथून शंका काढून परत यायचे, मग आम्ही तेच पुन्हा लिहायचे. आठवडाभर हे केल्यावर माणसाला असं काहीतरी हवं होतं की जे एकदा झालं म्हणजे झालं. गाणं तसं होतं. पण ते ऐकतानाही माझं लक्ष पुढच्या गाण्याकडं असायचं, हा माझा स्वभाव.

गावात गाणं-चित्रं यांचा सुकाळ नव्हताच. नागपूरला सरकारी अजबखाना, म्हणजे वस्तुसंग्रहालय, होता; तिथं तासन्‌तास रमणारे लोक होते म्हणे. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात बाहेर येऊन चहा प्यालो. आमच्याकडं गणपतीतलं गाणं, एखादी नाटक कंपनी, आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या दिवाणखान्यात भरणारी बैठक, एवढंच. ही बैठक गावातल्या काही वकील-मास्तरांनी चालवलेली होती. तिथं पुरुष खाली जाजमावर बसत आणि बायका वर माडीवर, बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागं. आणि बाजूच्या दारात, उंबऱ्याला टेकून, पायताणांच्या शेजारी माझी आत्या बसायची.

आम्ही फुलमाळी. गावाबाहेर आमची बाग होती, विहीर होती. बैठकीचे हार आमच्याकडून जात. गवयाच्या गळ्यात हार पडायचा तो सगळं गाणं संपल्यावर, पान-अत्तराच्या वेळी. तोवर तीन-चार तास फुलं कोमेजू द्यायची नाहीत, म्हणून हार ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवायचा आणि त्यावर अधूनमधून पाणी शिंपडत राखणीला बसायचं. हे काम आत्याचं. म्हणजे वीस वर्षांत त्या दिवाणखान्यात जेवढं गाणं झालं तेवढं सगळं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. वकिलांपैकी कोणी तेवढं ऐकलं नव्हतं, त्यांना मध्येच पक्षकार बोलवायला यायचे.

रागांची नावं तिला ठाऊक नव्हती. ती हारावरून ओळखायची. एखाद्या गवयानं सुरुवात केली की घरी आल्यावर म्हणायची, "हे त्या गुलाबाच्या हाराच्या दिवशी गायलं होतं कोणं. पण त्यानं सावकाश घेतलं होतं." मी एकदा बैठकीच्या चिटणिसांच्या वहीत ताडून पाहिलं. राग तोच निघाला, आणि आठ वर्षांपूर्वीचा. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर गाण्याबद्दल बोलताना जरा जपून बोलायला लागलो.

दसऱ्याच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की तिला ऐकू कमी येतंय. आधीची दोन वर्षं तिला हिवतापानं धरलं होतं आणि तिनं मुठीमुठीनं कोयनेल, म्हणजे क्विनाइन, गिळलं होतं; त्यानं कान जातात हे आम्हाला कुठं ठाऊक. मोटेचा आवाज ऐकून पाणी कुठल्या वाफ्यात पोचलं हे सांगणारी बाई, तिला आता विहिरीजवळ उभं राहूनही कळेना. मी रजा टाकली आणि तिला अकोल्याला एका डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून तिच्या कानांशी धरला, पुन्हा धरला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, डावा कान गेल्यातच जमा आहे. उजवा वर्षभर पुरेल, फार तर. यावर औषध नाही.

परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मी चार वेळा दाराशी जाऊन उभा राहिलो. पाचव्यांदा उठलो तेव्हा तिनं माझा सदरा धरून खाली बसवलं.

"काय म्हणला डाक्टर?"

"औषध देतो म्हणला."

"खोटं नोको बोलू. तुह्या तोंडावून समजते मले. किती दिवस?"

मी एक बोट वर केलं आणि म्हटलं, वर्ष.

ती खिडकीतून बाहेर बघत बसली. कापसाच्या गाड्यांची रांगच रांग रुळाच्या कडेनं चालली होती. गाड्या मागं पडल्यावर ती म्हणाली, "थो गुलछडीचा बुवा एकडाव अजून ऐकाचा होता."

मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. तिचे यजमान, म्हणजे माझे फुफाजी, वारले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बाबांनी तिला माहेरी आणलं. मी तेव्हा रांगत होतो. चार महिने तिनं धड खाल्लं नाही, समोर ठेवलं तर चिवडून उठायची. घरात बसून काय करणार, म्हणून बाबांनी तिला हाराचं टोपलं देऊन शेठजींकडं पाठवलं. त्या दिवशी हार गुलछडीचा होता आणि गाणारे एक बुवा होते. "काय गायलं थे मले समजलं नाही," ती म्हणाली. "पण थो गाऊन राहिला होता अन् मले भूक लागली. घरी आली अन् दोन भाकरी खाल्ल्या. तुही माय पाहतच राह्यली."

वीस वर्षांत ते बुवा पुन्हा आमच्या गावी आले नव्हते.

झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली. चिटणिसांच्या जुन्या वहीतून बुवांचं नाव काढलं आणि मी त्यांच्या घरी खेटे घालायला सुरुवात केली. चिटणीस मूळचे पुण्याकडचे वकील, स्वभावानं शांत, आणि माझ्यासारख्या माणसाला शांत माणसाचा फार राग येतो. ते म्हणाले, बुवा आता थकलेत, कुठं जात-येत नाहीत. मी म्हटलं, पत्र तरी लिहा. त्यांनी लिहिलं. उत्तर येईना. मी रोज कचेरीतून सुटलो की त्यांच्या दारात. त्यांच्या पत्नी मला पाहिलं की आतूनच म्हणायच्या, "आज नाही आलं हो."

दिवाळीनंतर गावातल्या शाळेच्या सभागृहात चित्रांचं प्रदर्शन भरलं. मुंबई-नागपूरकडच्या चित्रकारांची चित्रं आणली होती, भिंतींना पांढरी कापडं लावून त्यावर टांगली होती. पत्राची वाट बघून मी चिडचिडा झालो होतो, म्हणून आत्याला म्हटलं, चल, चित्रं पाहू. ती धुतलेलं लुगडं नेसून आली.

मी नेहमीप्रमाणं पहिल्या भिंतीवरून तिसऱ्या भिंतीवर पोचलो तेव्हा ती अजून दुसऱ्या चित्रासमोरच उभी होती. फुलांच्या टोपलीचं मोठं तैलचित्र होतं. ती नाक लावून बघत होती. तिथले ड्रॉइंग मास्तर धावत आले, मला वाटलं आता बाईला मागं व्हायला सांगतात, म्हणून मीही हातघाईवर यायच्या तयारीनं धावलो.

ती त्यांना विचारत होती, "हे टोपलं कोणत्या महिन्यातलं म्हणावं, मास्तर?"

"का हो बाई?"

"शेवंती हाय अन् संगं मोगरा. शेवंती संपते अन् मंग मोगऱ्याले कळी येते. हा माणूस एका टोपल्यात दोन्ही घेऊन बसला. इकत कोठून घेतले असतीन?"

मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी आणखी दोघा मास्तरांना बोलावलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. मग ते तिला घेऊन चित्राचित्रांसमोर फिरले. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. एका लहानशा चित्रासमोर ती बराच वेळ थांबली. नुसतं रान होतं, मधोमध एक कडुनिंब, बाकी काही नाही. "ह्याच्यातलं ऊन बराबर हाय," ती म्हणाली, "तीन वाजताचं." मास्तरांनी खाली लावलेली चिठ्ठी वाचली आणि मान डोलावली. चित्राचं नाव तिसरा प्रहर असंच काहीसं होतं.

मी मागं उभा राहून हे बघत होतो आणि माझी छाती फुगत चालली होती. ज्या बाईला मी जन्मभर पायताणांशेजारी बसलेलं पाहिलं ती चार शिकलेल्या माणसांच्या मध्ये उभी राहून बोलत होती आणि ते ऐकत होते. मनात एक गोष्ट त्याच वेळी पक्की झाली. बुवा येतील तेव्हा ती दारात बसणार नाही. मानानं, सगळ्यांसारखी बसेल. हे ठरवताना तिला विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही.

पौषात कळलं की बुवा अकोल्याला एका व्यापाऱ्याकडं उतरलेत. मी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. बुवा अंगणात उन्हाला बसून गुडघ्यांना तेल चोळून घेत होते. अगदी बारीक झालेला म्हातारा माणूस. मी एका दमात सगळं सांगितलं, आत्याचं, कानांचं, दोन भाकरींचं. त्यांनी तेल चोळणाऱ्याला हातानं थांबवलं.

"येतो," ते म्हणाले. "पण एक आहे. माझा आवाज आता खाली गेलाय. समोर चार हातांवर बसलेल्याला ऐकू येतो, त्याच्या मागं बसलेले नुसत्या माना हलवतात. बाईंना जवळ बसवा."

मी म्हटलं, "अगदी जवळ बसवतो." आणि तसंच मला करायचं होतं.

माघातला रविवार ठरला. मी चिटणिसांकडं जाऊन सांगितलं की आत्याला पहिल्या ओळीत, बुवांच्या समोर जागा हवी. ते म्हणाले, पुरुषांच्या जाजमावर बाई कशी बसेल, आजवर कोणी बसलेलं नाही, त्यांच्या स्वतःच्या पत्नीही वर बसतात. मग म्हणाले, "अहो, त्या नेहमी दारात बसतात ना? मला विचाराल तर त्यांची जागा तिथंच चांगली आहे."

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याची जागा तिथंच चांगली. माळणीची जागा पायताणांजवळच चांगली, असं ते म्हणतायत, हेच मी ऐकलं. मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वीस वर्षांचं काढलं. गाणं कळतं कोणाला आणि लोडाला टेकतं कोण, हेही काढलं. ते मध्ये काहीतरी सांगू बघत होते, मी सांगू दिलं नाही. शेवटी ते थकून म्हणाले, "बरं, वर माडीवर अगदी पुढं, माझ्या पत्नीशेजारी बसवतो. झालं?" मला वाटलं मी जिंकलो. समोर नाही तर नाही, पण वकिलीणबाईंच्या मांडीला मांडी लावून. बुवांचं चार हातांचं बोलणं त्या भांडणाच्या भरात माझ्या डोक्यातून पार निघून गेलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या सुईत केळीचं सोपट ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दारातच बरी हाय."

"काहून दारात? तू काय नोकर आहे त्याहीची?"

"हार कोण राखीन?"

"बाबा राखतीन."

ती फुलं ओवायला लागली. मी तिच्यासाठी नवं इरकली लुगडं आणलं. रविवारी सकाळी ते नेसून ती निघाली तेव्हा दारात पुन्हा म्हणाली, "पोट्या, माहं टोपलं माह्यापाशीच राहू दे ना. मी बसीन दारात." मी टांगा बोलावला होता. टांगेवाला खोळंबला होता. मी म्हटलं, "चाल, उशीर होऊन राहिला."

वकिलीणबाईंनी तिला हाताला धरून जिन्यावर नेलं. खरंच चांगल्या बाई. मी खाली तिसऱ्या ओळीत बसलो. बाजूच्या दारात बाबा हाराचं टोपलं घेऊन बसले होते, बुवांच्या गादीपासून हात-दोन हातांवर. बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तंबोरे लागेपर्यंत ते जागे होते, नंतर चौकटीला डोकं टेकून त्यांचा डोळा लागला.

बुवांनी डोळे मिटून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत मला मान पुढं काढून ऐकावं लागत होतं. फार हळू गात होते, आपल्याशीच बोलल्यासारखं. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा गुडघा नाचत होता. मी दर पाच मिनिटांनी वळून माडीकडं बघत होतो. चिकामागं काही दिसत नव्हतं, पण एक हिरवट रंग दिसायचा, तो तिच्या लुगड्याचा असणार असं मी धरून चाललो आणि मला समाधान वाटायचं. बाहेर शेठजींच्या जिनाचा भोंगा वाजला, एकदा कुठं कुत्रं भुंकलं. साडेतीन तास. खरं सांगतो, मी बुवांचं गाणं नीट ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष वर होतं.

गाणं संपल्यावर बाबांना हलवून जागं केलं, त्यांनी हार दिला, तो बुवांच्या गळ्यात पडला. आत्या खाली आली. बुवांनी तिला नमस्कार केला, तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते काहीतरी बोलले, ती हसली. मला वाटलं माझ्या हातून जन्मात एक काम धड झालं.

टांग्यात बसल्यावर मला दम निघेना. बाबा पुढं बसले होते, आम्ही दोघं मागं. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. बाया चांगल्या होत्या. पान देल्लं मले. वकिलीणबाईनं शाल पांघरली."

"थे नाही. बुवाचं. थेच गायलं काय त्यानं? त्या दिवशीचं?"

हारावरून आठ वर्षांपूर्वीचा राग ओळखणारी बाई. तिनं मान हलवली.

"मले काय मालूम. वरतं काहीच ऐकू नाही आलं. बुवाचं तोंड हालतानी दिसे चिकाच्या फटीतून."

टांगा शाळेवरून पुढं गेला. काही सुचलं नाही की मी भांडतो, तसा भांडलोच.

"मंग उठून खाली काहून नाही आली? सांगितलं काहून नाही?"

"दोनदा सांगतलं, दारात बसवजो म्हणून." ती रागावली नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. "तू कोठी आयकून राहिला होता. अन् वरून तुले पाह्यलं, तू घडीघडी वळून पाहून राहिला होता. एवढा खुशीत होता. उठली असती त तुले कसं वाटलं असतं?"

मला टांग्यात बसवेना. मी चालत्या टांग्यातून उतरलो आणि मागून चालायला लागलो. ऊन झालं होतं, रस्त्यावर धूळ उडत होती. आत्यानं टांगेवाल्याला सांगितलेलं मला मागं ऐकू आलं, "भाऊ, हळू घे जरासा. आमचा पोट्टा पायी येऊन राहिला."

वकिलांची माफी मी पुढं केव्हातरी मागितली. ते म्हणाले, दारातून आवाज चांगला येतो एवढंच मला म्हणायचं होतं. बुवांना त्या उन्हाळ्यात दम्यानं धरलं आणि त्यांचं गाणं बंद झालं. दिवाळीच्या आत आत्याचे दोन्ही कान गेले. त्या बुवांचं गाणं तिनं आयुष्यात एकदाच ऐकलं, मी रांगत होतो तेव्हा. दुसऱ्यांदा ते माझ्यामुळं राहिलं.